हस्तकलेचं प्रशिक्षण केंद्र काढताना: कला कोणाची, नाव कोणाचं, चित्रीकरण कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कसबा पेठेत एका विश्वस्त संस्थेला जुन्या वाड्याचा तळमजला मिळाला आहे. तिथे तांबटकाम, बुरूडकाम आणि कोल्हापुरी चपला असे तीन अभ्यासक्रम सुरू करायचे आहेत. शिकवायला तीन ज्येष्ठ कारागीर तयार झाले आहेत. त्यांच्या हातच्या कामाचं चित्रीकरण करून धडे बनवायचे आहेत, एक पुस्तिका छापायची आहे, आणि एका कंपनीनं सामाजिक दायित्वाच्या निधीतून खर्च द्यायची तयारी दाखवली आहे. संस्थेच्या सचिवताईंनी विचारलंय: ‘आमची कला कोणी चोरू नये म्हणून आम्ही कोणती नोंदणी करावी? पेटंट, कॉपीराइट की जीआय (भौगोलिक मानांकन)? आणि विद्यार्थी शिकून बाहेर पडले की लगेच समोर दुकान थाटतील, ते कसं थांबवायचं?’

ताई, मी बावीस वर्षं पुण्यात बौद्धिक संपदेची वकिली करते. त्यातली बरीच वर्षं कारागीर आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांच्या कागदपत्रांत गेली आहेत. तुमच्या प्रश्नातला ‘आमची’ हा शब्द आधी बाजूला काढूया, कारण पुढचे जवळजवळ सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात. मठारकाम, म्हणजे तांब्याचा पत्रा ठोकून भांडं घडवण्याची कला, तुमच्या संस्थेची नाही. ती शिकवणाऱ्या काकांच्याही एकट्याची नाही. पेशवाईत कोकणातून आलेल्या आणि तांबट आळीत पिढ्यानपिढ्या घंगाळी, बंब, कळश्या घडवणाऱ्या घरांची ती आहे. तुमचं केंद्र ती कला पुढे नेणार आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कायद्याच्या भाषेत तुम्ही तिचे मालक होत नाही, आणि मालक असल्यासारखे कागद बनवलेत तर ते टिकणारही नाहीत.

‘संपूर्ण कलेची’ नोंदणी करता येईल असा एकही कायदा आपल्याकडे नाही. पेटंट तर विसरूनच जा. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(प) प्रमाणे पारंपरिक ज्ञान, किंवा पारंपरिक घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती बेरीज, हा शोध धरलाच जात नाही. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. पण हेच कलम तुमचं रक्षणही करतं: जे तुम्हाला पेटंट म्हणून मिळत नाही, ते दुसऱ्यालाही मिळत नाही. हळदीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. हळदीनं जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. ते आव्हान कशाच्या बळावर जिंकलं गेलं? ‘आमच्याकडे आजी हेच करायची’ या भावनेवर नाही, तर जुन्या ग्रंथांतल्या आणि नियतकालिकांतल्या छापील, तारीख असलेल्या पुराव्यावर.

म्हणून तुमच्या पुस्तिकेकडे आणि चित्रीकरणाकडे नुसतं शिकवण्याचं साहित्य म्हणून पाहू नका. आज तांबटकाकांनी पत्रा तापवण्याची, मठारण्याची, झाळण्याची जी रीत सांगितली ती तारखेसह नोंदली गेली, तर उद्या कोणी तीच रीत ‘माझा शोध’ म्हणून पुढे आणल्यावर तुमची पुस्तिका पुरावा म्हणून ठेवता येईल. आपल्या पेटंट कायद्यात स्थानिक समाजाच्या तोंडी ज्ञानावरूनसुद्धा हरकत घेता येते. पण तोंडी ज्ञान सिद्ध करायला माणसं हयात लागतात. कागदाला ती अडचण नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. माझ्याकडे आलेल्या अशा केंद्रांच्या भांडणांत ‘बाहेरच्यानं चोरलं’ अशी फार थोडी निघाली. बहुतेक भांडणं घरातली होती: केंद्र आणि गुरू यांची, किंवा केंद्र आणि विद्यार्थी यांची. आणि प्रत्येक वेळी मूळ कारण एकच, की कॅमेरा सुरू करण्याआधी कोणी कागद केला नव्हता.

एक उदाहरण सांगते. एका केंद्रानं एका वयस्कर कारागिराचे चाळीसेक धडे चित्रित केले. दिवसाला मानधन दिलं, व्हाउचरवर सही घेतली. दोन वर्षांनी ते धडे एका ऑनलाइन शिकवणीला विकले गेले. कारागिराच्या मुलाला हे शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिसलं. वडील म्हणाले, ‘मी पोरांना शिकवायला बसलो होतो, विकायला नाही.’ केंद्राचे लोक वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की पैसे दिले म्हणजे सगळं आपलं झालं. ते कारागीर नंतर त्या केंद्राची पायरी चढले नाहीत, आणि त्यांच्याकडे असलेलं अर्धं काम कोणी शिकलंच नाही. ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत असलेल्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून काही केलं तर ते मालकाचं, पण मानधनावर येणारे काका तुमचे नोकर नाहीत. म्हणजे त्यांनी फळ्यावर काढलेली आकृती, वहीत मापांसह काढून दिलेला घंगाळाचा आराखडा, स्वतः लिहून दिलेलं टिपण, हे सगळं त्यांचं. चित्रफितीची गोष्ट वेगळी: चित्रीकरणाचा खर्च आणि जबाबदारी संस्थेची असेल तर चित्रफितीचा कॉपीराइट साधारणपणे संस्थेकडे जातो. पण त्या चित्रफितीत बोलणारा, समजावून सांगणारा माणूस हा कायद्यानं ‘सादरकर्ता’ ठरू शकतो. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक-वादक-नर्तकांबरोबर व्याख्यान देणाराही स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ३८-अ प्रमाणे त्यानं लेखी कराराद्वारे संमती दिली की मग चित्रफितीच्या वापराला तो हरकत घेऊ शकत नाही, मात्र व्यावसायिक वापर झाला तर मोबदल्याचा त्याचा हक्क उरतोच. यातला ‘लेखी’ हा शब्द अधोरेखित करा. व्हाउचरवरची सही म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. ती संमती नव्हे.

दुसरी गोष्ट, जी वकिलांच्याही नजरेतून सुटते. हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा असावाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क १ वर्षाच्या आत वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत जातो. ‘सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ या एका वाक्यावर निर्धास्त बसलेल्या संस्थांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. मला स्वतःला ही तरतूद न्याय्य वाटते. ज्याला कायदा कळत नाही अशा माणसाकडून आयुष्यभराचं सगळं एका ओळीत लिहून घेता येऊ नये, हाच तिचा हेतू आहे.

माझा सल्ला असा, की हस्तांतर मागूच नका. परवानगी मागा. काकांचं ते काकांकडे राहू द्या, आणि संस्थेला अमुक धडे, अमुक अभ्यासक्रमात, अमुक वर्षं वापरायची परवानगी घ्या. ऑनलाइन विक्री, दुसऱ्या संस्थेला देणं, जाहिरातीत वापर आणि संगणकाच्या चित्रनिर्मितीच्या प्रणालींना खाद्य म्हणून देणं, या चार गोष्टी करारात वेगळ्या लिहा आणि प्रत्येकीसाठी पुन्हा विचारायचं ठरवा. विक्री झाली तर हिस्सा किती, तो आकडा लिहा. ‘योग्य मोबदला’ असे शब्द नकोत, कारण योग्य किती यावरच पुढे भांडण होतं. आणि करार मराठीत करा. इंग्रजीतल्या बारा पानांच्या करारावर थरथरत्या हातानं केलेली सही कोर्टात कदाचित चालेल, पण ज्या माणसाला तुम्ही गुरू म्हणता त्याच्यापुढे असा कागद ठेवू नये.

करार करताना काकांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘काय चित्रित करायचं नाही?’ प्रत्येक घराकडे एखादी अशी गोष्ट असते, तांब्यावर विशिष्ट झळाळी आणण्याची, डाग काढण्याची, कातडं मऊ करण्याची. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही. गोपनीयतेचा करार आणि विश्वासभंगाची तत्त्वं यांवरच सगळं चालतं, आणि गुपित जोवर गुपित आहे तोवरच ती उपयोगी पडतात. वीस मुलांसमोर शिकवलेली, यूट्यूबवर चढवलेली गोष्ट परत डबीत भरता येत नाही. तेव्हा काका ‘हे मी फक्त माझ्या नातीला दाखवीन’ म्हणाले तर आग्रह करू नका. हा निर्णय त्यांचा आहे, अगदी ती रीत त्यांच्याबरोबर जाण्याची शक्यता असली तरीही. पुष्कळ वेळा मधला मार्ग निघतो: लिहून, पाकिटात बंद करून, संस्थेच्या तिजोरीत, ते म्हणतील तेव्हाच उघडायचं. असं एक पाकीट आजही एका संस्थेकडे आहे आणि ते बंदच आहे.

विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ‘शिकून बाहेर पडल्यावर ३ वर्षं पुण्यात हा व्यवसाय करणार नाही’ असं हमीपत्र घेता येत नाही. घेतलं तरी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मूल शिकून समोर दुकान थाटतं तेव्हाच तुमचं केंद्र यशस्वी झालं ना? तांबट आळीत आज ठोक्यांचा आवाज जिथून येतो ती घरं कमी होत चालली आहेत, म्हणून तर तुम्ही हे सगळं करता आहात.

काय रोखता येतं ते मात्र जरूर लिहा. केंद्राचं नाव आणि चिन्ह वापरून माल विकू नये. केंद्राची पुस्तिका छापून किंवा चित्रफिती उतरवून विकू नयेत. गुरूंनी विश्वासानं सांगितलेलं गुपित उघड करू नये. एवढं पुरे आहे, आणि ते कोर्टात टिकतं. विद्यार्थ्यांमध्ये १८ वर्षांखालची मुलं असतील तर त्यांची स्वतःची सही करार म्हणून चालत नाही, पालकांची घ्यावी लागेल.

विद्यार्थ्यानं वर्गात घडवलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न बहुतेक केंद्रं विचारतच नाहीत. कच्चा माल संस्थेचा, हात विद्यार्थ्याचा, रीत गुरूंची. वस्तू विकली तर पैसे कसे वाटायचे ते प्रवेशाच्या दिवशीच सांगा. त्या वस्तूत विद्यार्थ्याची स्वतःची नवी कल्पना असेल तर तिच्यावरचा कॉपीराइट विद्यार्थ्याचाच, कारण तो तर नोकरही नाही, उलट शुल्क भरून आलेला आहे. आणि घडवणाऱ्याचं नाव वस्तूबरोबर गेलंच पाहिजे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही, कृती आपली आहे असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार संपत नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत द्यायला लावलं आणि ५ लाख रुपयांची भरपाईही दिली. शिल्पाची मालकी सरकारची होती, तरी कर्त्याचा मान राखणं सरकारलाही बंधनकारक ठरलं. आपल्या मेळ्यांमध्ये ‘हस्तनिर्मित, पुणे’ एवढीच चिठ्ठी लावलेली भांडी बघते तेव्हा मला ते भित्तिशिल्प आठवतं. चिठ्ठीवर नाव लिहायला काहीच खर्च येत नाही.

आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. यावर सर्वात जास्त गैरसमज आहेत. १९९९ चा हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा आपल्याकडे अनेकांना वाटलं की आता दुसरं कोणी पगडी बांधूच शकणार नाही. तसं नसतं. मानांकन नावाचं रक्षण करतं, रीतीचं नाही. ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीनं बनलेल्या वस्तूलाच ते नाव लावता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या चपलांच्या अभ्यासक्रमाला हे थेट लागू होतं. कोल्हापुरी चपलेचं मानांकन आठ जिल्ह्यांसाठी आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पुणे त्यात नाही. तुमचे गुरू अस्सल कोल्हापूरचे असोत, कातडं तिथलं असो, वेणी तशीच असो. कसबा पेठेत शिवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येणार नाही. शिकवायला मात्र काहीच बंदी नाही. अभ्यासक्रमात ‘कोल्हापुरी चपलेची रीत’ शिकवा, खुशाल म्हणा. विक्रीच्या चिठ्ठीवर वेगळं नाव ठेवा. ‘कोल्हापुरी पद्धतीची’ असं बारीक अक्षरात लिहून सुटका होईल असं धरून चालू नका, ग्राहकाची दिशाभूल झाली की अडचण आलीच. खोट्या मानांकनाला या कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. तुमचा एखादा विद्यार्थी परत त्या आठ जिल्ह्यांपैकी एखाद्यात जाऊन काम सुरू करणार असेल, तर त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवायला मदत करा. मानांकन आलं की गावागावांत सत्कार होतात, पण अधिकृत वापरकर्त्यांचे अर्ज भरायला कोणी बसत नाही. तुमच्या केंद्रानं महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठेवला तर कारागिरांचं भलं होईल.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हाचा गदारोळ सगळ्यांना आठवतो. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि जुलैमध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचा रोख असा होता की मानांकनाचे नोंदणीकृत मालक पुढे येऊन दाद मागू शकतात, त्रयस्थानं का यावं? मालक आहेत दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं. पुढे डिसेंबरमध्ये त्याच महामंडळांशी त्या कंपनीनं सामंजस्य करार केला. राग सगळ्यांना आला होता, पण बोलणी नोंदणीवर नाव असलेल्यांशीच झाली. मला त्या दिवसांत खूप फोन आले, बहुतेक तरुण कारागिरांचे, आणि त्यातल्या अनेकांना मानांकन कोणाच्या नावावर आहे हेच माहीत नव्हतं. शिवाय लक्षात घ्या, मानांकन विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही. ‘आमच्याकडे जीआय आहे, तुम्हाला वापरायला देतो, इतके पैसे द्या’ असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

नक्ष्यांचं आणि नव्या डिझाइनचं जरा वेगळं आहे. पैठणीवरचा बांगडी मोर, आसावली, मुनिया हे कोणा एकाचे नाहीत, तसंच तांब्याच्या घंगाळाचा घाटही. पण तुमच्या एखाद्या मुलीनं मठारकामाचा दिवा अशा आकारात बसवला जो आधी कुठेच नव्हता, तर त्या आकाराची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. संरक्षण १० वर्षं, वाढवून आणखी ५. व्यक्तीसाठी अर्जाची सरकारी फी १,००० रुपये आहे. अट एकच, आणि तिथेच सगळे फसतात: अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, प्रदर्शनात मांडलं, मग चार महिन्यांनी माझ्याकडे आले, तर तोवर नवेपणा गेलेला असतो. प्रदर्शनाबाबत कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि आधी सूचना दिली असेल तरच. तेव्हा केंद्राच्या मोबाइलवर एक साधा नियम ठेवा: नवीन वस्तूचा फोटो बाहेर जाण्याआधी गुरू आणि समन्वयक यांनी विचारायचं, ‘हे नोंदवायचंय का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेल. दहात एकदा ‘हो’ असेल, आणि त्या एका वेळेसाठी थांबणं परवडतं.

कॉपीराइट आहेच की, नोंदणी कशाला, असं काही जण म्हणतात. खरं आहे, कॉपीराइट आपोआप मिळतो. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ चा सापळा आहे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि औद्योगिक प्रक्रियेनं त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. कोणती वस्तू कलाकृती आणि कोणती डिझाइन, यावर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात कसोटी घालून दिली आहे, तरी प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार करावाच लागतो. तुमच्यासाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे एक वही. प्रत्येक नव्या कामाचं रेखाटन, तारीख, घडवणाऱ्याची सही, एका साक्षीदाराची सही. कोणी डिझायनर घाऊक खरेदीच्या निमित्तानं नमुने मागायला येईल (येतातच, एका केंद्रातून सहा नमुने नेले गेले आणि वर्षभरानं तेच नक्षीकाम यंत्रावर ठोकून बाजारात आलं), तेव्हा मालाबरोबर जाणाऱ्या चलनावर लिहा: ‘नमुना, पाहण्यासाठी, पुनरुत्पादनास परवानगी नाही.’ त्या सहा नमुन्यांबरोबर चलनच गेलं नव्हतं. कोणी काय नेलं हे सिद्ध करता करता केंद्र थकलं.

केंद्राचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा, हे मात्र लगेच. शिक्षण-प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, आणि माल विकणार असाल तर त्या त्या वस्तूंचे वर्ग: तांब्याच्या घरगुती भांड्यांना २१, पादत्राणांना २५. ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. दर १० वर्षांनी नूतनीकरण. दोन गोष्टी सांभाळा. अर्ज संस्थेच्या नावानंच करा. एका केंद्रात ‘फी कमी लागते’ म्हणून एका विश्वस्ताच्या नावावर अर्ज केला गेला. पुढे ते विश्वस्त संस्थेतून बाहेर पडले आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. फलकापासून प्रमाणपत्रापर्यंत सगळं बदलावं लागलं. दुसरं, ‘तांबट’, ‘बुरूड’ असे शब्द आपल्या एकट्याच्या नावावर करायला जाऊ नका. वर्णनात्मक म्हणून निबंधक नाकारतील हे एक, आणि त्याहून मोठं म्हणजे ती माणसांच्या समाजांची नावं आहेत. उद्या त्याच आळीतल्या कारागिराला तुमच्या संस्थेची नोटीस जावी, अशी वेळ येऊ देऊ नका.

काही वर्षांनी तुमचे पन्नासेक माजी विद्यार्थी काम करू लागले, की सामूहिक चिन्हाचा विचार करा. ते संघाच्या मालकीचं असतं आणि नियम पाळणारा प्रत्येक सभासद वापरू शकतो. आज त्याची घाई नको.

पैसे देणाऱ्या कंपनीच्या करारात ‘प्रकल्पातून निर्माण होणारी सर्व बौद्धिक संपदा कंपनीची’ असं कलम हमखास असतं. त्यांच्या विधी विभागाचा तो छापील मसुदा असतो, त्यामागे वाईट हेतू नसतो. पण गुरूंची आणि विद्यार्थ्यांची जी मालकी तुमच्याकडेच नाही ती तुम्ही देणार कशी? तेवढं कलम बदलून मागा. कंपनीला अहवालात आणि भिंतीवर नाव मिळेल, चित्रफिती कर्मचाऱ्यांना दाखवायची परवानगी मिळेल, एवढ्यावर बहुतेक कंपन्या तयार होतात. सरकारी योजनेतून निधी घेतलात तर मंजुरीपत्र ओळीनं ओळ वाचा. सरकारच्या निर्देशानं किंवा नियंत्रणाखाली तयार झालेल्या साहित्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सरकार असतं.

एका गोष्टीवर कायद्यात उत्तर नाही, तरी सांगते. पुढे कधी वारली चित्रांचा वर्ग घेतलात तर लग्नाचा चौक आणि त्यातली पालघाट देवी उशांच्या अभ्र्यांवर काढायला शिकवू नका. तो चौक लग्नघरात सवाशिणी काढतात. कॉपीराइट त्यावर कोणाचाच नाही, त्यामुळे कोणी दावा ठोकणार नाही. तरी त्या समाजातल्या बायकांना आधी विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा.

आता या महिन्यात काय करायचं? नोंदण्यांच्या मागे लागण्याआधी तिन्ही गुरूंच्या घरी जा. दोन पानी मराठी मसुदा घेऊन जा आणि तो मोठ्यानं वाचून दाखवा, घरातलं कोणी तरुण माणूस समोर असताना. त्याच दिवशी सही घेऊ नका. कागद आठ दिवस त्यांच्याकडे राहू द्या, ते म्हणतील ते बदल करा, मग साक्षीदारांसमोर सह्या करा आणि एक मूळ प्रत त्यांच्याच कपाटात ठेवा. त्या मसुद्यात वारसाचं नाव लिहायला विसरू नका. कर्त्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं. म्हणजे आजच्या धड्यांबद्दल तुमच्या नंतरच्या विश्वस्तांना काकांच्या नातवंडांशी बोलावं लागणार आहे. कोणाशी बोलायचं, ते काकांनी स्वतः सांगून ठेवलेलं बरं.